माईमावशीची बंद खिडकी

माईमावशी कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी खिडक्या बघायची. कुठून वारा येतो, कुठली कडी नीट लागत नाही, हे तिला उभ्या उभ्या कळायचं. माझी आई नाही, म्हणून माझं बाळंतपण करायला तिची ही थोरली बहीण चिपळूणजवळच्या गावाहून नेरूळला आली, आणि पहिल्याच दिवशी तिने बाथरूमच्या खिडकीत जुनी गोधडी दुमडून कोंबली. "बाळंतिणीला वारा म्हणजे सवत गो," ती म्हणायची. "एकदा शिरली की म्हातारपणी हाडांतून बोलते."

घरात तेव्हा कुणाचीच झोप होत नव्हती. मी, माझा नवरा नीलेश, साठी उलटलेली मावशी, तिघंही भिंतीला टेकलो की पेंगायचो. तरी मावशी उठून तेल कोमट करायची, माझं अंग रगडायची, लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. तिचे हात खरखरीत आणि बोलणं त्याहून खरखरीत. पण मला आई आठवली की ती काही न विचारता माझ्या टाळूवर आणखी थोडं तेल थापायची.

गोधडी लागली त्याच सुमारास बाथरूममधला गॅसचा गिझर मध्येच विझायला लागला. पडद्यावर 'ई वन' दिसायचं. नीलेशने सेल बदलले, कंपनीला फोन केले. उद्या माणूस येईल, असं रोज ऐकलं. बंद करून परत लावला की तो पेटायचा, म्हणून आम्ही तसाच रेटला. मावशी त्याच्यावर वैतागायची. "काय दुखतंय ते सांग की मेल्या. नुसती अक्षरं काय दाखवतोस?" माझं डोकं जड असायचं, तिला मळमळायचं; सगळं जागरणावर ढकलून आम्ही मोकळे व्हायचो.

एका सकाळी न्हाताना लेक रडली नाही. एरवी अंगाला पाणी लागताच ती सोसायटी डोक्यावर घ्यायची. मी तिथेच बाथरूममध्ये पाटावर पेंगत होते, मला ते बरंच वाटलं. मावशीचा हात मात्र थांबला. तिने लेकीच्या तळपायाला टिचकी मारून पाहिली, आणि तिला ओलीच उचलून गॅलरीत नेलं, भर वाऱ्यात. परत येऊन मला दंडाला धरून बाहेर ओढलं. नीलेशने धावत जाऊन गॅस बंद केला. दवाखान्यात लेकीला ऑक्सिजन लावावा लागला, पण ती वाचली. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. हवा कमी पडतेय, एवढंच तो गिझर सांगत होता.

घरी आल्यावर मावशीने गोधडी स्वतः ओढून काढली आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. "आईनं शिकवलं तेच केलं गो," ती म्हणाली. "पण आईच्या न्हाणीला माडाच्या झापांच्या भिंती होत्या, वर कौलं. कितीही बुजवलं तरी फटीफटीतून वारा यायचा. आम्हाला वाटायचं, आम्ही बंद केलंय."

दुसऱ्या दिवशी शेगडीवर पाणी तापलं, खिडकी सताड उघडी होती, पण मावशी न्हाऊ घालायला येईना. ती पिशवी भरत होती. संध्याकाळच्या एसटीने जाते म्हणाली. आता आपल्याच हातांवर भरवसा उरला नाही म्हणाली. मला तिचा राग आला नव्हता असं नाही. रात्रभर लेकीच्या छातीवर हात ठेवून मी जागी होते, आणि रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. तरी मी लेकीला घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"मावशी, पाय पसर."

"अजून माझ्याकडे देतेस?"

"ती रडत नाहीये हे तुला कळलं. मी आई असून पेंगत होते."

मावशीने पिशवी बाजूला सारली आणि पदराने डोळे पुसत न्हाणीत जाऊन बसली. सव्वा महिना पुरा करूनच ती गावी गेली.