न घरंगळलेले दाणे

मॅनेजरनं जांभळ्या फुलांची जुडी टेबलावर ठेवली, तेव्हा घारबाईला वाटलं, आपला सत्कारच आहे.

"निरोप देताय की काय, साहेब?"

"ही तुम्ही निवडलेल्या मसुरातून उगवलीयत. गिऱ्हाइकाच्या शेतात निम्मं तण! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, अशी गत झालीय तुमच्या टेबलाची. डोळे तपासून या. नाहीतर उद्यापासून पोती शिवायला बसा."

बियाणं निवडायच्या त्या लांबट खोलीतल्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. 'घार' हे नाव तीक्ष्ण नजरेपायी तिला याच खोलीनं दिलेलं. खिडकीजवळच्या त्या जागेवर आधी तिची सासू बसायची. तिनंच शिकवलेलं: ताट तिरकं धर, खालून टिचकी मार. मसूर चपटा, बूड टेकून बसतो. तणाचा दाणा गोल, घरंगळत खाली येतो, तो फेकून दे. निवडलेलं बियाणं गिऱ्हाइकांना विकलं जाई, त्यातलंच थोडं कंपनीच्या शेतात पेरलं जाई आणि तिथलं पीक फिरून त्याच टेबलावर येई. इतर बायकांच्या ताटात एखादा गोल दाणा राहून जाई. घारीच्या ताटात, शप्पथ, एकही नाही. अलीकडे तर घरंगळत काही येतच नव्हतं. तण संपवलं आपण, असं ती चारचौघींत सांगायची.

डोळ्यांच्या डॉक्टरनं काही दोष नाही म्हणून सांगितलं. घारबाई ती जुडी घेऊन घरी आली. लेक शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिनं जुडीतली एक वाळकी शेंग फोडली. आतले दाणे चपटे, तांबूस. मसुरात टाकले तर आईलाही ओळखू येईनात.

लेकीनं माळ्यावरून आपला तान्हेपणीचा पत्र्याचा खुळखुळा काढला. आजीनं तो फेकायच्या तणाचे दाणे भरून केलेला. झाकण उचकटलं तसे गोल दाणे फरशीभर पळाले.

"तेच तण आहे, आई."

"म्हणजे मेलं शहाणं झालं! मला फसवायला शिकलं!"

"कुणी शिकलं नाही. एखादा दाणा जन्मतःच जरा चपटा असतो. गोल होते ते तुम्ही दोघींनी वेचून फेकले, चपटे ताटात राहिले. तेच पेरले गेले, त्यांचीच पिलावळ पुढच्या हंगामात आली. तू पुन्हा त्यातले गोल वेचलेस. उत्क्रांती म्हणतात ती हीच. दाणा बदलत नाही, कोण उरतं ते बदलतं."

"आणि मी हयगय केली असती तर?"

लेक दाणे गोळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "तर गोलही उरले असते. इतकं बेमालूम तण झालं नसतं."

सकाळी घारबाईनं दोन्ही तऱ्हेचे दाणे कागदात बांधून नेले. मॅनेजरनं सगळं नीट ऐकून घेतलं. हुशार माणूस, पटकन समजलं त्याला.

"म्हणजे हे तण तुम्हीच तयार केलंत."

"मी नाही, साहेब. माझं काम..."

"तुमच्या कामानं. स्वतःच्या तोंडानं सांगितलंत की!" त्यानं पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "आता तुमच्याहून तीक्ष्ण नजरेची कुणीतरी बसवतो."

"बसवा," घारबाई म्हणाली. "तीक्ष्णच बघा."

तिची रवानगी पोत्यांकडे झाली. खिडकीजवळ नवी सून बसली, कुणा शिपायाची. चटपटीत पोरगी. पहिल्या हंगामातच नाव काढलं. एकदा ताट घेऊन धावत आली.

"बघा ना, मावशी! टिचकी मारून बोट दुखलं, पण घरंगळत काहीच येत नाही. साहेब म्हणाले, खोलीला नवी घार मिळाली!"

घारबाईनं ताटाकडे पाहिलंही नाही. "शाब्बास," म्हणाली, आणि दाभणात सुतळी ओवून पोत्याचं तोंड शिवायला घेतलं.