नंदाचं एक विमान, माझी तीन

मी आयुष्यात एकच लढाई केली, आणि ती शांतता सभेत केली.

सभा मीच भरवली होती. शिरूरला, आमच्या वस्तीतल्या विहारासमोरच्या पटांगणात. जगात शांतता नांदावी अशी मला कळकळ आहे, असं लोकांना वाटलं. खरं कारण दौंडला राहतं. तिचं नाव नंदा. माझी धाकटी जाऊ.

ही नंदा लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. मी शिकवली! चार माणसांत बोलायचं म्हटलं की ही माझ्या पदराआड जायची. आणि तीच नंदा गेल्या वर्षापासून दर रविवारी दौंडच्या बाजारात हातात पाटी धरून उभी राहायला लागली. पाटीवर लिहिलेलं, 'एक विमान कमी घ्या, आम्हाला नर्स द्या!' विमान म्हणजे लढाईचं. कुणी थांबलं की शांतपणे सांगायची, "लढाईच्या सामानाला पैसा निघतो, मग दवाखान्याला का निघत न्हाई? एवढंच इचारते." पहिल्या रविवारी लोक हसले. दुसऱ्या रविवारी कुणीतरी चहा आणून दिला. महिनाभरात पेपरात फोटो!

तो फोटो कापून सासूबाईंनी फ्रिजवर चिकटवला. माझ्या फ्रिजवर! राहतात माझ्याकडं, जेवतात माझ्या हातचं, आणि दूध काढायला गेलं की मला दर्शन नंदाचं.

"काय झ्याक फोटो आलाय," सासूबाई रोज म्हणायच्या. "पोरगी जगासाठी उभी ऱ्हाती."

"मी पन उभीच असते की, आत्याबाई. गॅसपुढं."

"त्येचा कोन फोटो काढनार?"

 माझा छापलेला फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात मी फरार असल्यासारखी दिसते.

खरं सांगायचं तर नंदाचं म्हणणं मला पटत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. आमच्या वस्तीतही दवाखाना आहे. इमारत होती, बोर्ड होता, दाराला कुलूप होतं. नर्स तेवढी नव्हती. साधं इंजेक्शन घ्यायचं तर रिक्षा करावी लागायची. मग ती पाटी मला का सुचली नाही? कुलूप तर मी रोज बघत होते!

शेवटी एका संध्याकाळी मालक रांजणगावहून कंपनीच्या बसनं उतरून घरात आले, तशी मी जाहीर केलं, "मी शांतता सभा घेनार हाय."

त्यांच्या हातातला बूट हातातच राहिला. "शांतता? तू?"

"का? मला काय झालं?"

"अगं, आपल्या बसचा ड्रायवर आपला स्टॉप तुझ्या आवाजावरनं वळखतो."

(या माणसाशी मी संसार केला आहे. शांततेचं याहून मोठं काम कुणाचं असेल?)

मी जिद्दीला पेटले. मांडव सांगितला, लाउडस्पीकर सांगितला, 'शांतता सभा' असा लांबलचक फ्लेक्स करून घेतला. पेपरवाल्याला तीनदा फोन केला. नंदालाही आग्रहानं बोलावलं. बोलायला नव्हे, बघायला!

आता भाषण. नंदा एक विमान कमी करा म्हणते, तर थोरल्या जावेनं काय म्हणावं? मी लिहिलं, दोन.

मालकांनी कागद वाचला. "ह्यो काय लिलाव हाय का?"

"तुम्हाला न्हाई कळायचं."

रविवारी चार वाजता पटांगण भरलं. पहिल्या रांगेत आमचे शेजारी सुभेदारमामा येऊन बसले, आणि मी भाषणाचा कागद पदराखाली घेतला. मामा सैन्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा कोट, कोटावर सगळी पदकं, हाताची घडी. यांच्यासमोर विमानं कमी करायची म्हणजे!

पण त्यांच्याच शेजारी नंदा बसली होती. साधी पांढरी साडी, मांडीवर ती पाटी. बायका तिच्याभोवती गोळा होऊन सेल्फी काढत होत्या. माझ्या सभेत! माझ्या भाड्याच्या खुर्चीवर! ते बघितलं आणि मामांची भीती कुठल्या कुठं गेली. मी माइक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो! सरकारनं दोन विमानं कमी घ्यावीत!"

टाळ्या पडल्या. बऱ्यापैकी पडल्या. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "नंदाताईंना बोलू द्या!"

"तीन विमानं!" मी आवाज चढवला.

"नंदाताई! नंदाताई!"

"तीन विमानं, दोन रणगाडे आन् एक जहाज!"

"अहो वहिनी," सुभेदारमामा बसल्या जागेवरून म्हणाले, "एका दुपारात सगळी फौज मोकळी करता का!"

पटांगण हसलं. नंदा लाजत पुढं आली. "ताई, लोक म्हनत्यात तर दोन शब्द बोलू का?" आणि तिनं माइकला हात लावला.

मी माइक सोडला नाही. तिनंही सोडला नाही. आणि माइक चालू होता! वस्तीच्या चारी कोपऱ्यांत आमचा आवाज घुमला.

"सोडा ना, ताई."

"तू सोड! सभा माझी हाय!"

"ताई, लोक ऐकत्यात."

"ऐकू दे! भाकरी कुनी शिकवली तुला? फ्रिज कुनाचा हाय?"

"फ्रिज?" नंदा बिचारी चक्रावली, आणि तिनं माइक सोडला. एकदम! मी सगळ्या ताकदीनं ओढत होते. मागं तीन पावलं गेले, पाण्याच्या जारवर आपटले, मांडवाच्या खांबाला धरायला गेले आणि अख्खा फ्लेक्स माझ्यावर कोसळला. मी 'शांतता सभा'खाली पूर्ण झाकली गेले. त्याच क्षणी पेपरवाला पोहोचला.

नंदानं मला हात देऊन उठवलं. "लागलं का वो, ताई?" तिच्या डोळ्यांत खरंच काळजी होती. (तीही तिच्याकडं माझ्यापेक्षा जास्त!)

लोक अजून हसत होते, तोच सुभेदारमामांनी खाली पडलेला माइक उचलला. हसणं आपोआप थांबलं.

"मी सीमेवर व्हतो," ते म्हणाले. "तिथं बर्फात मला गोळी लागली, तवा अर्ध्या तासात डॉक्टर आला. हितं आमच्या मंडळीच्या छातीत दुखाय लागलं, तवा दवाखान्याला कुलूप व्हतं. वाटेत रिक्षातच जीव गेला तिचा." त्यांनी कोटावरची पदकं सरळ केली. "फौजेला कुनी नावं ठिवू नका. पर पैसा कुठं जातो, ह्ये इचारायला कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई. वहिनी, अर्ज हाय का?"

अर्ज नव्हता. मला सगळं सुचलं होतं, मांडव, फ्लेक्स, जहाजसुद्धा. अर्जच सुचला नव्हता. नंदानं पिशवीतून कोरा कागद काढला, तिथंच बसून लिहिला, आणि पहिली सही मामांनी केली. दुसरी मी केली. तेवढ्यासाठी मात्र मी रांगेत घुसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, 'शांतता कार्यकर्त्या नंदाताई तोल गेलेल्या एका महिलेस सावरताना.' एका महिलेस! सासूबाईंनी तोही कापून फ्रिजवर लावला.

अर्जामागं मामा आणि नंदा हात धुऊन लागले. चार महिन्यांनी कुलूप निघालं, नर्स आली. पहिल्याच दिवशी मी जाऊन रांगेत बसले. त्याच सकाळी फोन आला होता, नंदाला पुण्याला भाषणाला बोलावलंय, गाडी पाठवणार आहेत.

नर्सनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला.

"अहो ताई, बीपी केवढं वाढलंय! कशाचं एवढं टेन्शन घेता?"

"देशाच्या संरक्षण खर्चाचं," मी म्हणाले.