डॉक्टरांच्या गाडीवरचं लाकूड

थिनरचा बोळा लाल झाला, तेव्हाच माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही. चाळीस वर्षं लातुरात गाड्या रंगवल्याचा माज, दुसरं काय! आणखी दोन हात मारले आणि अँबेसेडरच्या डाव्या दारावरची लाल अक्षरं साफ पुसली गेली.

गाडी मुरुडच्या डॉक्टर वाघमारेंची. डॉक्टर वारले होते. मुलगी नांदेडला इंजिनिअर. गाडी सोडतानाच तिनं बजावलं होतं, "पेंटर, दारांवरचे हे लाकडी स्टिकर काढायचे. पण खाली बाबांनी ब्रशनं लिहिलेलं नाव आहे. ते राहिलं पाहिजे. त्यासाठीच गाडी ठेवलीय."

ही लाकडी भानगड आली नव्या जिल्ह्यामुळे. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि गावोगावच्या पाट्या जुन्या झाल्या. लोकांनी 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहून घेतलं. डॉक्टरांनी मात्र लाकडाच्या रेघांचं व्हिनाइल आणून दोन्ही दारांवर चिकटवून टाकलं. व्हिनाइल म्हणजे मागे गोंद असलेलं पातळ प्लॅस्टिक. ऊन दिलं की मऊ पडतं, आणि लातूरचा मे महिना म्हणजे फुकटची हीटगन. गाडी उन्हात लावली, कडेला नख घातलं, पापुद्रा सुटून आला. गोंद मात्र दारावरच राहतो. तो आम्ही थिनरनं पुसतो. कंपनीचा भट्टीतला रंग थोडं थिनर सोसतो, हातानं लिहिलेला ऑइलपेंट सोसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला सवय थिनरची.

लपवून काय होणार? फोन केला.

"मॅडम, डाव्या दारावरचं नाव गेलं. चूक माझी."

तिनं विचारलं, "उजवं?"

"त्याला अजून हात लावला नाही."

"जपून करा. उद्या मी आईला घेऊन येते."



दुसऱ्या दिवशी थिनरचा डबा कपाटात ठेवला. उजव्या दारावरचा स्टिकर काढून गोंदावर गोडेतेल चोळलं. वर गरम पाण्याचे टॉवेल ठेवायचे, गोंद फुगला की बोटानं सोडवायचा. अडचण एकच, पाणी. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. शेजारचा चहावाला सलीमभाई दारात येऊन म्हणाला, "लोकं प्यायला रडून राहिले अन् तुम्ही गाडीला शेक देऊन राहिले?" मी एकच घागर घेतली. टॉवेल त्याच बादलीत पिळायचा, तेच पाणी पुन्हा तापवायचं. दुपारपर्यंत त्याचा रंग सलीमच्या चहासारखा झाला.

मायलेकी आल्या तेव्हा नुसतं 'डॉ.' दिसत होतं. आई म्हणजे मुरुडच्या शाळेतल्या रिटायर बाई. स्टुलावर बसून बघत राहिल्या. एकेक अक्षर वर आलं. डॉ. वाघमारे, मुरुड, जि. उस्मानाबाद. मी श्वास सोडला. मॅडमनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्यांना रडू आलं. "बाबांचं अक्षर!"

"त्यांचं कुठलं?" बाई म्हणाल्या. "त्यांचं अक्षर कंपाउंडरला लागत नव्हतं. गाडीवर कोण लिहू देईल? माझं हाय ते."

"आई! कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? एक उस्मानाबाद तेवढं बदलायचं होतं. म्हटलं, शाळेतून आले की लिहिते. ह्यांना दम कुठला? येऊन बघते तर सगळ्यावर फळी मारलेली! लई राग आला होता. अजून हाय." आणि पदरानं डोळे पुसले.

मग त्या डाव्या दाराशी गेल्या. मी मान खाली घातली. "इथलं माझ्या हातून पुसलं, बाई."

"दिसतंय. ब्रश आणा."

बाईंनी स्वतः ब्रश धरला. वेलांटी जरा वाकडी गेली. पण नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि खाली ठसठशीत 'जि. लातूर'. वाळल्यावर मी दोन्ही दारांवर बिनरंगी वार्निश मारलं, आणि गाडी दोन बाजूंना दोन जिल्हे घेऊन नांदेडला गेली.

तेव्हापासून जुनी गाडी आली की स्टिकरखाली काय आहे, हे मी मालकाला विचारत नाही. मालकिणीला विचारतो.