ढोलात शिकलेली डबी

लालबागला आमच्या चाळीशेजारी टॉवरच्या पायाचं काम निघालं, तेव्हा आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर काडेपेटीएवढी डबी बसवली गेली. भिंत किती हादरते ते ती मोजणार आणि धोका दिसला की बिनतारी कळवणार. इशारा आला तर काम थांबवू, असं बिल्डरने चाळीला लिहून दिलं होतं. डबीतली चिप माझ्या धाकट्या भावाच्या कंपनीची. बसवायलाही तोच आला.

बॅटरी खर्च होते ती संदेश पाठवताना, असं त्याने आम्हाला सांगितलं. म्हणून चिप ऐकलेलं जागच्या जागी पारखते. सुरुवातीला काही दिवस इमारतीचा रोजचा हादरा शिकून घेते, मग त्याहून मोठा असेल तेवढाच कळवते. बाकीचं पुसून टाकते. एका सेलवर वर्षानुवर्षं चालते. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

डबी बसवली गेली ती गणपतीत. भावाला रजा तेव्हाच होती. खाली गल्लीत रोज ढोल-ताशे. चिप तोच रोजचा हादरा म्हणून शिकली. विसर्जनानंतर तो बंगळुरूला परतला.

काम सुरू झालं. फळीवरचे डबे वाजू लागले, खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघाला. डबी गप्प. वडिलांनी भावाला फोन लावला.

"तुझी ती डबी बहिरी आसा काय रे?"

काय झालं ते भावाला लगेच कळलं. त्याने ते वडिलांना नाही, मला सांगितलं. "तिला पुन्हा शिकवता येईल. पण मग आधीचे अहवाल चुकले, असं कंपनीला म्हणावं लागेल." म्हणा की, मी म्हटलं. त्याचं वरिष्ठांना विचारून झालं होतं; ते नको म्हणाले होते. बिल्डरची आणखी कामं मिळायची होती.

चाळीच्या सभेला भाऊ कंपनीतर्फे आला. बिल्डरच्या माणसाने अहवाल वाचला. एकही इशारा नव्हता. कोणीतरी मूळ नोंदी मागितल्या. त्या ठेवलेल्याच नव्हत्या. वडील उभे राहिले आणि वर येऊन तडा बघा म्हणाले.

"काका, मशीन तुमच्याच मुलाचं आहे. त्यालाच विचारा," बिल्डरचा माणूस म्हणाला.

भाऊ म्हणाला, "नोंदीप्रमाणे सगळं ठीक आहे." वडील खाली बसले.

काही दिवसांनी, भर दुपारी, भिंत पडली. वडील पुढच्या गॅलरीत होते, म्हणून वाचले. संध्याकाळपर्यंत चाळ रिकामी केली गेली. भिंत पडताना डबीने पहिला इशारा पाठवला. भावाने तो मला पुढे पाठवला, खाली काही न लिहिता.

वडील आता संक्रमण शिबिरात राहतात. भाऊ आला की त्याच्याशी जेवणाखाणाचं बोलतात. मागच्या खेपेला त्यांनी डबीचं काय झालं ते विचारलं. भिंतीचा ढिगारा अजून उचललेला नाही, त्यातून तिचा चालू असल्याचा सिग्नल येतोय, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे ती थंयच आसा," वडील म्हणाले. "आमीच नाय."