गिरवलेलं अक्षर

लासुर्ण्याच्या साखरबाई कोकरेला अर्धवट राहिलेलं काम बघवत नसे. शेजारणीची अर्धी सारवलेली पडवी दिसली तरी हिचे हात शिवशिवायचे. पूर्वी घरात मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, पण दिवस मावळायच्या आत सगळं गोळा करून आत घेण्याची सवय काही गेली नाही. गुण चांगलाच. पण याच गुणानं तिला असं काही करायला लावलं, की वैऱ्यानंही करू नये.

तिची एकुलती लेक मनिषा पोस्टाची तिकिटं जमवायची. आळीतले म्हस्कूमामा वालचंदनगरला एका ऑफिसात शिपाई होते. ते रद्दीत निघालेली पाकिटं पिशवीतून आणून देत. मनिषा पाकिटाचे कोपरे कापायची, परातीतल्या पाण्यात सोडायची, आणि तिकिटं सुटली की वर्तमानपत्रावर पालथी वाळत घालायची. साखरबाई ओरडायची, "परात भाकरीची हाय, तुझ्या कागदाची न्हाय!" पोरगी हसायची आणि उद्या पुन्हा परात घ्यायची.

वाळलेली तिकिटं चित्रकलेच्या जाड वहीत चिकटवायची आणि त्यांच्याखाली माहिती लिहायची. त्याची तिची पद्धत ठरलेली होती. देशाचं नाव आधी शाईनं, कारण त्यात शंका नसायची. त्याखाली चित्र कशाचं, पाकीट कुणी दिलं, हे सगळं पेन्सिलीनं, आणि तेही इतकं दाबून की टोक मोडायचं. मग शाळेतल्या बाईंना विचारून खात्री करायची, पेन्सिलीवरून शाईचं पेन फिरवायचं, आणि शाई वाळली की खोडरबर घ्यायचं. पेन्सिल पुसून झाली की वही लांब धरून म्हणायची, "आई, झालं बघ हे पान." साखरबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, की पेन्सिल पुसली म्हणजे पान पुरं झालं.

१९९३ च्या श्रावणात मनिषाला कावीळ झाली. ती तेव्हा बारावीत होती. आधी झाडपाला झाला, मग बारामतीचा दवाखाना झाला, आणि तिथून पोरगी परत आली ती चादरीत गुंडाळून. साखरबाई तेव्हा रडली नाही, नुसती कामाला लागली. लोकांनी तिला दगडाच्या काळजाची म्हटलं. लोकांचं काय, त्यांना दारात बसून बोलायला काहीतरी लागतंच.

दिवस झाले, पाहुणे पांगले. तिचा नवरा आबाजी माळेगावच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. गळीत सुरू झालं, तसा तो तिकडच्या खोलीवर गेला. घरात साखरबाई आणि म्हैस. एका दुपारी तिनं लेकीची वही काढली. पुढची पानं स्वच्छ होती. मागच्या पानांवर वर शाईचं नाव आणि खाली पेन्सिलीच्या करड्या ओळी तशाच राहिलेल्या. पोरीला पुसायला वेळ मिळाला नाही, असं तिला वाटलं. दप्तरातलं वासाचं खोडरबर घेऊन ती ओट्यावर बसली आणि एकेक पान पुसत गेली. कागद फाटू नये म्हणून हलक्या हातानं, तिकिटाला धक्का न लावता. कचरा फुंकून टाकला, वही लांब धरून बघितली. लेकीचं राहिलेलं काम आपण पुरं केलं, या समाधानात त्या दुपारी तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

आबाजी सुट्टीला आला आणि त्यानं वही मागितली. तो सातवीपर्यंत शिकलेला. पोरीचं लिहिलेलं वाचावं, एवढीच त्याची इच्छा. निम्म्या वहीपर्यंत तो सावकाश वाचत गेला. मग भराभर पानं उलटायला लागला.

"हितलं लिवलेलं कुठं गेलं?"

"पुसलं की म्या. तिचं ऱ्हायलं व्हतं."

आबाजीनं वही मिटून खाली ठेवली. त्याच्या ओरडण्याची तिला सवय होती, पण तो ओरडला नाही.

"पोर देवानं न्हेली," तो म्हणाला, "आन्‌ जेवढी मागं ऱ्हायली व्हती, तेवढी तू पुसलीस."

आपण काय केलं, ते तिला तेव्हा कळलं: त्या ओळींवरून शाई फिरवायचीच राहिली होती. त्या दिवसापासून त्या घरात मनिषाचं नाव निघेनासं झालं. आबाजी यायचा, जेवायचा, हातावर पैसे ठेवायचा आणि जायचा. साखरबाईला वाटायचं, त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. साहेब आले, पाट्या वाटल्या, फोटो निघाला, साहेब गेले. मागं वर्ग चालवायला राहिली ज्योत्स्ना सोनवणे, मनिषाची वर्गमैत्रीण. संध्याकाळी बुद्धविहाराच्या पडवीत ती बायकांना शिकवायची. साखरबाई पाटी घेऊन तिथं जाऊन बसली, तेव्हा बायकांना हसू आवरेना. "ह्या वयात मास्तरीण व्हतीस का काय?"

"न्हाय बाई," ती म्हणाली, "मला एकच वही वाचायची हाय."

वही म्हणजे शाईची निम्मी वही. पुसलेलं तर गेलं, निदान उरलेलं तरी आपल्याला कळावं. ज्योत्स्ना समजली. तिनं खाली मान घालून खडू शोधायचं निमित्त केलं.

अक्षरं जुळायला लागल्यावर साखरबाई रोज सकाळी धारा काढून ओट्यावर वही घेऊन बसायची. अशाच एका सकाळी कोवळं ऊन कागदावर आडवं पडलं होतं. पान उलटता उलटता ती पुसलेल्या पानावर आली आणि थांबली. रिकाम्या जागेत बारीक सावल्या दिसत होत्या. तिनं बोट फिरवलं. मनिषानं दाबून लिहिलेल्या ओळींचे खळगे कागदात तसेच होते. पेन्सिल गेली होती, पण पोरीच्या हाताचा जोर गेला नव्हता. साखरबाईनं वही पोटाशी धरली आणि वर्षभर न रडलेली बाई उन्हं वर येईपर्यंत रडली.

मग तिनं पेन्सिल घेतली आणि त्या खळग्यांतून गिरवायला सुरुवात केली. ऊन तिरपं असेपर्यंतच अक्षर दिसायचं, तेवढ्या वेळात होईल तेवढं. लहान पोरं धुळाक्षरं गिरवतात तशी ही आई लेकीचं अक्षर गिरवत होती. आधी नुसता आकार यायचा, अर्थ मागून लागायचा. जपानखाली 'फुलाचं नाव बाईंना विचारणे.' हंगेरीखाली 'घोडा. म्हस्कूमामा.' एका पानावर न्यूझीलंडची लठ्ठ मेंढी होती. तिच्याखालची ओळ लांबलचक होती, दोन सकाळी गेल्या. शेवटी ती ओळ साखरबाईनं कुणाच्याही मदतीशिवाय वाचली: 'आई म्हणते, ही मेंढी पावसात भिजली तर पुन्हा उठायची नाही.'

आपण असं म्हणालो होतो, हे ती विसरूनही गेली होती. पोरीनं ते लिहून ठेवलं होतं, आणि आपण ते पुसलं होतं.

वही गिरवून होईस्तोवर दुसरा हंगाम आला. ज्योत्स्ना पाटीवर अक्षराचं वळण नीट काढून दाखवायची, पण साखरबाईचा हात भलतीकडंच जायचा. आधी लांब शिरोरेघ ओढायची, आणि मग वलणीवर कपडे घालावेत तशी एकेक अक्षर खाली टांगायची. ओळ उजवीकडं वर चढायची. ज्योत्स्नानं हे वळण ओळखलं होतं. एकाच बाकावर बसून मनिषाच्या वहीतून तिनं शाळेत कितीदा उतरवून घेतलं होतं. तिनं ते सुधारायचं सोडून दिलं.

पौषात म्हैस व्याली. साखरबाईनं पोस्टातून कार्ड आणलं आणि आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं, माळेगावला, आबाजीला: म्हैस व्याली, येताना पेंड आणा. पत्ताही स्वतःच घातला. त्याला वाटावं, बायको काही अगदीच वाया गेलेली नाही, एवढाच तिचा हेतू होता.

भर आठवड्यात, सुट्टी नसताना आबाजी दारात उभा राहिला. कारखान्याचेच कपडे, हातात कार्ड.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"खोटं बोलू नगंस."

तिनं पेन्सिल घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर त्याचं नाव लिहिलं. आधी शिरोरेघ, मग अक्षरं. आबाजी भिंतीला टेकून खाली बसला. मग तिनं वही आणली, मागची पानं उघडून त्याच्यापुढं ठेवली आणि खळग्यांची हकिकत सांगितली. तो वहीला हात लावेना.

"टपाल आलं," तो म्हणाला. "पत्ता बघितला आन्‌ वाटलं, मनीचं पत्र आलं. दुसरं काय डोक्यात आलंच न्हाय. खुशीत खिशात घातलं. म्हनलं, चहा घिऊन निवांत वाचू. टपरीपतोर गेलो, बसलो, चहा पुढ्यात आला, आन्‌ मग आठावलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "टपरीपतोर पोर व्हती गं."

साखरबाईला वाटलं, दुसऱ्यांदा आपण याचं काळीज कापलं. ती म्हणाली, "चुकलं माझं. पुन्यांदा न्हाय धाडायची."

"धाड," आबाजी म्हणाला. "धाडत जा. आन्‌ पत्ता तूच घालत जा."

ती उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पेंड आनली का?"

"कसली पेंड?"

त्यानं हातातलं कार्ड उलटं केलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. त्यावर काय लिहिलंय ते त्यानं अजून पाहिलंच नव्हतं.