बापू करमरकरांची बिनतारी

बापू करमरकर माझ्या तारऑफिसात रोज यायचा, पण तार करायला म्हणून एकदाही आला नाही. खिडकीशी कोपर टेकून उभा राहायचा आणि माझ्या यंत्राचं कडकट्ट ऐकत मान डोलवायचा. "काय पाठवलंत, मास्तर?" मजकूर सांगता येत नाही, असं मी खडसावलं की म्हणायचा, "मजकूर नको हो. चाल छान होती." त्या तारेत कुणाचा तरी बाप गेलेला असायचा! अशा माणसाला मी मनात गाढव म्हणत असे, आणि फारसं मनातही नाही.

स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी माझी श्रीवर्धनला बदली झाली, तेव्हाची ही गोष्ट. बापूची सुपारीची झकास वाडी होती. बापाने घाम गाळून ती राखली. चिरंजीवांनी त्या वाडीतले दोन उंच माड हेरले आणि त्यांच्यामध्ये लांबलचक तांब्याची तार ताणली. तार बांधायला चढलेला त्याचा गडी धाकू वरून ओरडला, "बापू, येवढ्या वर कापडं कोन वाळत घालनार?" सबंध कुलाबा जिल्ह्यात इतका रास्त प्रश्न कुणी विचारला नसेल. लष्कराने भंगारात काढलेला रेडिओ बापूने मुंबईहून आणला होता. गावात वीज नाही, म्हणून तो मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी भरून आणायला हा एसटीने म्हसळ्याला खेपा घालायचा. राधाकाकू, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे गाऱ्हाणं आणायची. "मास्तर, तुम्ही तरी सांगा ह्यांना. सुपारी खाली पडून कुजत्येय आणि हे कानाला वाट्या लावून बसलेत."

त्या वाट्यांतून, म्हणजे हेडफोनांतून, ऐकू काय यायचं? जगभरचे याच्यासारखेच रिकामटेकडे, घरच्या बिनतारी यंत्रावरून एकमेकांना हाका मारणारे. नाव काय, गाव कोणतं, आवाज कसा येतोय, हवा कशी आहे. झालं! निरोप द्यायचा नाही, धंद्याचं बोलायचं नाही, नियमच तसा.

"म्हणजे कामाचं बोललं तर गुन्हा?" मी विचारलं.

"गुन्हाच," बापू अभिमानाने म्हणाला.

आमच्या तारेत लोक शब्द वाचवून वाचवून मरण कळवायचे, आणि हे लेकाचे समुद्रापलीकडच्या माणसाला गाठून सांगणार की आमच्याकडे ढग आलेत. माझ्या धंद्याची अशी थट्टा दुसऱ्या कुणी केली नव्हती.

पण नुसतं ऐकून बापूचं भागेना. "कुणी आहे का, कुणी आहे का, म्हणून माणसं हाका मारतात, मास्तर. आपण ओ द्यायची नाही? बरं दिसतं का ते?" ओ द्यायला लायसन लागतं, लायसनला मुंबईत सरकारी परीक्षा, आणि परीक्षेत तारेची लिपी. त्या एका 'ओ'पायी हा माणूस पार खुळावला होता. मग काय, शिकवणी माझ्याच गळ्यात! दुपारी जुन्या, काढून ठेवलेल्या यंत्रावर मी त्याला कडकट्ट ऐकवायचो. डोकं म्हणजे दगड, पण चिकाटी जळवेची. वर्षभरात बरं ऐकायला लागला, मुंबईला गेला आणि सपशेल नापास होऊन परत आला.

"तिथे कडकट्ट नव्हतं, मास्तर. शिटी होती. कधी आखूड, कधी लांब शिटी."

"शिटी काय नि टाळी काय, अक्षरं तीच ना? डोक्यात सुपारी भरलीय तुमच्या!"

बापूने सरळ माझा हात धरला. मला घरी नेलं आणि त्या वाट्या माझ्या कानाला लावल्या. आजवर मी त्यांना हात लावायचीही लाज धरली होती. आत नुसते रातकिडे! माझं आयुष्य तारेत गेलेलं, आणि मला एक अक्षर लागेना. "तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

"नाही हो! तुम्हालाही येत नाही!" बापूचा चेहरा फुलला. "म्हणजे मी ढ नाही!"

त्यानंतरचा तमाशा सगळ्या गावाने पाहिला. बापू वाडीभर तोंडाने शिट्ट्या मारत हिंडू लागला. राधाकाकूला तोंड दाखवायची चोरी झाली. "या वयात शिट्ट्या मारतात हो! विहिरीवर बायका येतात पाण्याला!" मग आम्ही समुद्रावर जायला लागलो. मी, सरकारी नोकर, टोपी घातलेला, वाळूत उभा राहून शिट्ट्या मारत होतो आणि पलीकडे हा गाढव वाळूवर काठीने अक्षरं लिहीत होता. कोळणी पदर तोंडाला लावून हसायच्या. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचोच.

पुढच्या खेपेला बापू पास झाला. लायसन आलं, शिट्ट्या पाठवायचं यंत्र जोडलं गेलं, आणि एका संध्याकाळी त्याने पहिली हाक घातली. मी शेजारी बसून एका वाटीतून ऐकत होतो; समुद्रावरच्या शिकवणीने आता शिटी मलाही लागत होती. बराच वेळ काही नाही. मग सिलोनहून कुणीतरी ओ दिली. बापू डोळे पुसत बसला, यंत्राला हात लावेना.

"नाव विचारतोय तो. सरका, मी पाठवतो," मी म्हणालो.

बापूने माझा हात झटकला. "लायसन माझ्या नावावर आहे, मास्तर. हात लावू नका."

आणि त्याने आपलं नाव पाठवलं. दोनदा चुकला, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. इतका घाणेरडा हात मी जन्मात ऐकला नव्हता. संपल्यावर तो अंगणात धावला. "अगं, त्याच्याकडे पाऊस पडतोय!"

"पडू दे मेला," आतून काकू म्हणाली, "जेवायला चला."

पुढची काही वर्षं बापू असाच जगाशी हवापाणी बोलत राहिला. वाडी सुकली, पण माणूस सुखात होता. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी हजारो माणसांना तारा पोचवल्या. मला तारेवरून कुणी कधी 'कसे आहात' म्हणून विचारलं नाही. याला रोज कुणी ना कुणी विचारत होतं.

मध्ये माझी दुसरीकडे बदली झाली आणि काही वर्षांनी मी पुन्हा श्रीवर्धनला आलो, तेव्हा एका सकाळी धाकू खिडकीशी आला. "बापू ग्येलं, मास्तर. त्येंच्या पुन्याच्या लेकीला तार करा." अशा तारा मी डोळे मिटून पाठवायचो. यंत्रावर बसलो आणि सुरुवात केली.

तारेवरचे आम्ही लोक एकमेकांचं तोंड कधी पाहत नाही, हातावरून, म्हणजे यंत्र वाजवायच्या धाटणीवरून, ओळखतो. बापूचं नाव निम्मं गेलं असेल, तेवढ्यात अलिबागच्या माणसाने मला मध्येच थांबवलं. "कोण बसलंय यंत्रावर?" त्याने विचारलं. "शिकाऊ आहेस का रे? मास्तरांना बोलाव."

 मी नाव पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.