बर्फवाल्यांचा भाता

पेटीबाय पेटीसमोर बसली की आधी पट्ट्यांना हातच लावायची नाही. डाव्या हाताने भाता मारायची, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मान वाकडी करून ऐकत राहायची. हवा भरते कशी, सुटते कशी, कुठे चोरवाट काढते का. आम्ही पंधराजणी झांजा घेऊन ताटकळत बसलेल्या. कोणाला घरी जाऊन भात टाकायचा असे, कोणाची शेवटची बस. एखादी चुळबुळली की ती डोळे न उघडताच म्हणायची, "भातो आधी, बोटां मागीर." तिचं म्हणणं, सूर कोणीही काढतो, पेटीचा श्वास ऐकणारा विरळा. मला मेलीला दोन्हीतलं काही कळत नव्हतं. मी दिवसभर डिचोलीच्या कचेरीत शिक्के मारायचे आणि संध्याकाळी अंग आंबून मंडळात यायचे, ते घरातून तासभर सुटका म्हणून.

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या सात-आठ महिला भजनी मंडळांना ती पेटी शिकवायची. माहेर दोडामार्गाकडचं, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत मालवणी. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो लवकर गेला, मूलबाळ नाही. साठी उलटली तरी म्हापशाला बस बदलत कोरगाव, मांद्रे, धारगळ करायची. काखेत छत्री, पिशवीत डिंकाची बाटली, कातड्याचे तुकडे आणि सुऱ्या. कारण ती पेट्या दुरुस्तही करायची. फाटका भाता म्हणजे तिला तापलेलं लेकरू वाटायचं. आधी त्याच्यावरून हात फिरवायची, मग आमच्याशी बोलायची.

तिचा एकाच गोष्टीवर कायमचा राग होता. आमच्या मंडळाने एकदा पणजीला जाऊन भजनांचं रेकॉर्डिंग केलं. तिथल्या माणसाने नंतर यंत्रावर सगळं साफसूफ केलं आणि मोठ्या अभिमानाने ऐकवलं. आम्ही सगळ्या हरखलो. आपला आवाज इतका गोड कधी होता? बाय मात्र बसल्या जागी गोरीमोरी झाली. "भातो खंय गेलो?" तिने विचारलं. तो माणूस म्हणाला, ती खरखर होती, पुसून टाकली. बाय उठली आणि बाहेर जाऊन बसमध्ये बसली. त्यानंतर ते रेकॉर्डिंग तिने घरात ठेवलं नाही. "श्वास पुसल्यार माणूस जिवंत रवता काय गो, सुलू?" असं ती मला कितीदा तरी विचारायची. मी काय सांगणार, कपाळ? मी 'नाही' म्हणायचे.

असल्या बाईला आइसलँडचा बँड आवडावा! पण आवडला. हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेली एक परदेशी मुलगी कोणाच्या तरी सांगण्यावरून आपली फाटकी पेटी घेऊन तिच्याकडे आली. बायने दोन दिवसांत भाता बांधून दिला. त्या मुलीने खुशीत येऊन आपल्या मोबाइलवर एक गाणं ऐकवलं. आइसलँडचे चार-पाचजण, भाषा देव जाणे कसली. पण गाण्यात जुनी पायपेटी होती, आणि गाणं संपता संपता बाकी सगळे थांबत आणि ती पेटी एकटी उरे. सूरही विझत आणि नुसता भाता ऐकू येई. हुस्स, हुस्स. कोणी पुसला नव्हता. बायने ते गाणं तिथल्या तिथे सहा वेळा लावायला लावलं. ती मुलगीच कंटाळली.

मग माझ्या मागे लागली. मी तिच्या मोबाइलमध्ये ती गाणी भरून दिली. त्या दिवसापासून आमच्या सरावाचा नियम बदलला, आधी बर्फवाल्यांचं एक गाणं, मग आपला अभंग. 'बर्फवाले' हे तिचंच नाव. बायका फिदीफिदी हसायच्या. "बायची बर्फाची आरती सुरू झाली गो!" ती ढिम्म. शेवटचा भाता वाजेपर्यंत बोट ओठावर. एकदा मला म्हणाली, "एकदा समोर बसान आयकाक व्हया. मोबाइलातलो श्वास तो, कोणी घातलेलो पण असात. समोर आयकलंय तरच खरो." मी म्हटलं, बाय, ते काय तुझ्या दारात येणार आहेत?

आणि आले की! गेल्याच्या गेल्या वर्षी वैशाखात, पेडण्याच्या समुद्राकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, संगीताचा मोठा उत्सव ठरला. बर्फातली माणसं आणि भर वैशाख, कोणाचं डोकं चाललं होतं कोण जाणे. पण फलकावर त्यांचं नाव होतं आणि वेळ सूर्यास्ताची. पंचायतीतल्या ओळखीतून मी दोन पास मिळवले. त्यासाठी किती जणांची मनधरणी केली ते माझं मला ठाऊक. बायने नवं लुगडं काढून ठेवलं. मी सासूला नणंदेकडे ठेवायची व्यवस्था केली. कधी नव्हे ती मलाही उमेद वाटू लागली.

तीन दिवस आधी तिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ सावंतवाडीकडे वारला. वीस वर्षांत त्या माणसाने हिची वास्तपुस्त केली नव्हती. पण फोन आला, हिने उचलला, आणि सुतक लागलं. दहा दिवस देऊळ बंद, पेटी बंद, भजन बंद.

"फोन उचलायचाच कशाला?" मी भडकलेच. "कळलं नसतं तर सुतकही नव्हतं!"

"आता कळला मां?"

"अगो, ते काय देऊळ आहे? लोक चपला घालून नाचतात तिथे, बियर पितात. तिथे कसलं आलंय सुतक?"

तिने लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवलं. "भजनाक सुतक पाळूचा आणि तेंच्या गाण्याक नाय? म्हणजे तेंचा गाणां कमी काय? माझ्यासाठी दोनय सारकीच."

मी कपाळावर हात मारून घेतला. ती त्या गाण्याला इतकं मोठं मानत होती की त्या मोठेपणानेच तिची वाट अडवली. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन. सुतकात देवळात जात नाहीत, पण बाहेर उभं राहून कळसाला हात जोडतात. तसं बाहेर बसून ऐकायला काय हरकत? "तू मात्र आत जा. तुका सुतक नाय."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ती आली. कुंपणाच्या बाहेर काजूच्या झाडाखाली चिऱ्यांचा ढीग होता, त्यावर छत्री उघडून बसली. ऊन कलत होतं, तरी दगड तापलेले. वारा समुद्राकडून आला की सूर यायचे, वारा फिरला की नुसता ढोल. दोन गाणी मी तिच्याजवळच थांबले. ती कानामागे हात धरून बसली होती. मग तिने मला ढकललंच. "जा गो! शेवटचा गाणां तेंचा आता. भातो आयक आणि माका येवन सांग. तू सांगशीत तर माका पटात."

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. घामाच्या धारा, पाय दुखून आलेले, आजूबाजूला कॉलेजातली पोरं, त्यांच्यात मी साडीतली बाई. मंचावर त्यांच्यातला एक उंच दाढीवाला टॉवेलने तोंड पुसून पायपेटीवर बसला. गाणं आमच्या ओळखीचंच. हळूहळू एकेक जण थांबला. सूर विझले. एवढं मोठं मैदान, पण एक माणूस बोलेना. आणि मग भाता आला. हुस्स. हुस्स. लाकूड करकरलं तेसुद्धा ऐकू आलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी तिथे ढसाढसा रडले. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी थांबलंय, असं काहीसं वाटलं.

परत कुंपणापर्यंत येताना डोळे पुसले. लांबूनच ती दिसली. छत्री बाजूला पडलेली, दोन्ही हात कानांमागे, वारा मात्र उलटा. तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं हे चेहऱ्यावरूनच कळलं. हिला सांगू, की पन्नास पावलांवर ते होतं आणि एका नावापुरत्या दिराने ते हिरावून नेलं? ही जन्मभर हळहळेल.

"काय गो? आयकाक इलो?"

"नाही बाय," मी म्हटलं. "काहीच नाही आलं. नुसते सूर. तू आत असतीस तरी ऐकू आलं नसतं."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती चिऱ्यांवरून खाली उतरली. मग छत्री मिटता मिटता म्हणाली, "म्हणजे तेंनीव भातो पुसल्यानी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्कूटर चालू केली. सुतक फिटलं, सराव सुरू झाला. मी मोबाइल पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हवांदे. अभंग घे." तिने ती गाणी पुन्हा कधी लावली नाहीत. बायकांनीही चिडवायचं सोडलं. मंडळातला तेवढाच एक मजेचा भाग होता, तो मी माझ्या शहाणपणाने संपवला. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज कचेरी, सासू, बस, आणि दमणूक. तिची समजूत घालायला लागणारं त्राण माझ्यात कधी उरलंच नाही, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

पुढच्या कार्तिकात तिच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी रजा टाकून तिच्याकडे गेले. उशाला टेकून बसली होती, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. मी सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले, बाय. आवाज आला होता. लाकूड करकरलं तेसुद्धा आलं. कोणी पुसला नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून मी नाही म्हटलं.

ती माझ्याकडे बघून हसली. इतक्या मायेने हसली की मला कळून चुकलं, हिला एक अक्षर पटलेलं नाही.

"मरतल्या माणसाक बरां वाटाचा म्हणान सांगतंस मां?"

मी देवाची शपथ घेतली. माझ्या पोरांची घेतली.

"शपथ घेव नको गो, सुलू," ती म्हणाली आणि माझा हात थोपटत राहिली. "तू वायट वाटून घेव नको. बर्फवाल्यांका मी कवाच माफ केलंय."